न वाकलेली मान

बल्लारपुरात इब्राहीमभाऊंचं गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि जाहिद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मैदानात कामगारांच्या पोरांना कराटे शिकवता शिकवता त्याच्या डोक्यात चीनचं खूळ शिरलं. तिथे वुदांग नावाच्या डोंगरावर ताओ पंथाचे साधू राहतात आणि पाण्यासारखं मऊ राहून लढायला शिकवतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढलं. इब्राहीमभाऊंनी मात्र त्याला जाऊ दिलं. निघताना एवढंच म्हणाले, "शिकायचं ते सारं शीक. पण मान एकाच्याच समोर झुकव."

२००२ साली तो गेला. पहिलं वर्ष नुसतं उभं राहण्यात गेलं. गुडघे किंचित वाकवायचे, झाडाला कवेत घेतल्यासारखे हात धरायचे आणि श्वासाकडे बघत राहायचं. पाय थरथरायचे, डोळ्यांत पाणी यायचं. पण आतली धग हळूहळू निवत गेली, हे त्यालाही कळत होतं. गुरू म्हणजे एक हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा साधू होता. दुसऱ्या वर्षी मलेशियाच्या एका विद्यार्थ्याला दुभाष्या करून तो जाहिदला म्हणाला, की तुझा धर्म वेगळा आहे, तू पाहुणा म्हणून राहा, रिकाम्या हाताने लढायचं सगळं मी तुला शिकवीन. तलवार मात्र फक्त दीक्षा घेतलेल्यांची. त्यासाठी मूर्तीपुढे उदबत्ती लावून तीनदा डोकं टेकवावं लागतं. तू नाही म्हणालास तरी माझी माया कमी होणार नाही.

जाहिदने डोकं टेकवलं. गुरूने दोन्ही हातांनी तलवार त्याच्या हाती दिली.

तो परत आला तेव्हा गावात सत्कार झाला, पेपरात फोटो छापून आला. इब्राहीमभाऊ गिऱ्हाइकाला कापूस दाखवता दाखवता सांगू लागले, "दोन सालं मूर्त्यायच्या मंधात राह्यला माहा पोरगा. पण मान नाई झुकवली." असं जाहिद त्यांना कधी बोलला नव्हता, त्यांनीही विचारलं नव्हतं. बाप पहिल्यांदा हे बोलला तेव्हाच त्याने अडवायला हवं होतं. तो गप्प बसला, आणि मग दर खेपेला बोलणं जास्तच जड होत गेलं. मैदानात पोरांसमोर तलवार उचलली की दोन-चार वार दाखवून तो ती लगेच म्यान करायचा.

त्याचा चुलतभाऊ तौसीफ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नागभीडकडच्या एका खेड्यात मारुतीचं देऊळ होतं, त्याच्या भिंती आणि त्यांवरचा मारुतीही कितीतरी वर्षांपासून तोच रंगवायचा. त्यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. एक दिवस दुकानात चार माणसं बसलेली असताना इब्राहीमभाऊ बोलण्याच्या भरात तौसीफला म्हणाले, की हा माझा जाहिद देवांच्या घरात राहून आला तरी डगमगला नाही, आणि तू मजुरीसाठी देव रंगवत फिरतोस. तौसीफ खाली मान घालून उठला आणि निघून गेला. जाहिद तिथेच, गाद्यांच्या थप्पीला टेकून चहा पीत होता. त्याने उरलेला चहा संपवला.

दिवाळी झाल्यावर त्या खेड्यातला मुखरू नावाचा धानाचा शेतकरी रेल्वेने बल्लारपूरला आला. तौसीफ घरी भेटेना, म्हणून विचारत विचारत दुकानात पोचला.

"तौसीफभाऊ काऊन येऊन नाई राह्यला?" त्याने विचारलं. "मारुतीचं अंग रंगवून गेला, तोंड तसंच कोरं हाय. आमच्याकडून काई चुकलं का?"

इब्राहीमभाऊंनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला, बघतो म्हणाले आणि वाटेला लावलं. मग ते पुन्हा रजईला टाके घालू लागले. मुखरूचा तो प्रश्न जाहिदच्या काळजात रुतून बसला होता. त्याला बसवेना.

"अब्बा, मी झुकलो होतो," तो म्हणाला. "तिथच्या मूर्तीसमोर. तलवार शिकाले."

इब्राहीमभाऊंचा हात थांबला. त्यांनी सुई रजईत खोचून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "झुकला तवा मनात काय होतं?"

"तलवारच."

"म्हणजे तू त्यायलेबी फसवलं," ते हळूच म्हणाले.

जाहिदला वाटलं होतं, बाप ओरडेल, मारेल. इतके महिने त्याला बापाचीच भीती होती. त्या हसऱ्या म्हाताऱ्याने विश्वासाने हात पुढे केले होते, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

इब्राहीमभाऊंनी भरदुपारी दुकान बंद केलं. तौसीफच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर चूक कबूल केली, पोराचं खरं काय तेही सांगितलं. तौसीफ म्हणाला, जाऊ द्या चाचा. दुसऱ्या दिवशी जाहिद गेला तेव्हा तौसीफ खेड्याला निघायच्या तयारीत ब्रश धूत होता. जाहिदने माफी मागितली.

"चाचाले माहीत नवतं," तौसीफ मान वर न करता म्हणाला. "तुले माहीत होतं. तू तिथीच बसून होता."

तौसीफने ब्रश फडक्यात गुंडाळले आणि तो स्टेशनकडे निघाला.

मारुतीला चेहरा मिळाला. जाहिदने मैदानातलं शिकवणं सोडलं नाही, पण पोरांनी तलवार मागितली की तो म्हणायचा, "तलवार माही नाई." पोरांना वाटायचं, गुरूची काही अट असेल.

तौसीफ अजून ईदला येतो. रिवाजाप्रमाणे इब्राहीमभाऊंच्या गळ्यात पडतो, जाहिदच्याही पडतो. पण जाहिदला तो जरा लवकरच सोडतो.