पांढरं कोण ओतणार?

बेरमेतचा दहा दिवसांचा शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग राजधानीत, बिश्केकला होता, जीव मात्र ओशला घरी, सहा महिन्यांच्या लेकीपाशी, आयपेरीपाशी. दर तीन तासांनी ती वर्गातून उठायची, दूध काढायची आणि वसतिगृहाच्या फ्रीजमध्ये गोठवायची. घरी काढून ठेवलेलं दूध संपून पावडरचं सुरू झालं होतं. "पोर मजेत आहे गं," सासू फोनवर रोज सांगायची. मजेत आहे, हेच तर टोचायचं. आपण नाही तर निदान आपलं दूध तरी तिच्या पोटात जावं, एवढाच बेरमेतचा हट्ट होता.

परतताना विमानतळावर मिशीवाल्या अधिकाऱ्याने तिचा बर्फाचा डबा उघडला. आत अर्धवट वितळलेल्या दुधाच्या अकरा बाटल्या.

"बाळ कुठंय?"

"घरी."

"बाळ नाही, तर दूध कशाला?"

"बाळ जवळ असतं तर बाटल्या कशाला लागल्या असत्या, भाऊ?"

रांगेत हशा पिकला. अधिकाऱ्याचा पारा चढला. "नियम म्हणजे नियम. ओता त्या पिंपात."

"तुम्हीच ओता. माझा हात नाही धजायचा."

त्याने झाकण काढलं, बाटली पिंपावर धरली आणि थांबला. घरात साप निघाला तरी त्याच्या डोक्यावर दूध शिंपडून वाटेला लावणारी माणसं त्या मुलखातली. पांढरं, म्हणजे दूध, सांडू नये, हे त्यालाही आईने शिकवलं असणारच. मागून एक म्हातारी कडाडली, "ओत की! लेकराच्या तोंडचं ओत, आणि घरी जाऊन आईला सांग!"

त्याने साहेबांना बोलावलं. तेही पिंपाकडे बघून नुसतेच खाकरले.

"तुम्ही ओता, साहेब."

"मी कशाला? पकडलंस तू!"

शेवटी साहेबांनीच झाकण लावलं. "जा बाई, विमान सुटेल."

ओशला ती घरात पळतच शिरली आणि हात पसरले. आयपेरीने तिच्याकडे पाहिलं, भोकाड पसरलं आणि आजीच्या मानेत तोंड खुपसलं. ओढून छातीशी धरली, तर पाठ ताठ करून मागे रेलली.

"विसरली नाही गं, रुसलीय," सासू म्हणाली. "दोन दिवस जाऊ देत."

बेरमेतने बाटली कोमट करून आणली. पोर आजीच्या मांडीवर घटाघटा पिऊ लागली, तशी सासूने बाटली हळूच सुनेच्या हातात सरकवली. बेरमेतने ती धरली. मोठ्याने श्वासही घेतला नाही. दूध संपेपर्यंत आयपेरी आजीकडेच बघत होती.