ओल्या पोटाची टिटवी

टिटवी चोचीनं पाणी नेत नाही. पोटाची पिसं भिजवते आणि तापलेल्या अंड्यांवर येऊन बसते.

आटलेल्या तलावात मच्छीमार सोसायटीची नाव उलटी पडलेली. तिच्या सावलीत राखणदार आबाराव.

सुरय पक्षी यंदा बेटावर उतरलेच नाहीत. बेटावर कुत्रीही चालत जातात.

मागल्या उन्हाळ्यात थोरली पोर गेली.

बहात्तरचा वैशाख.

पोर महादेवीची. मागल्या वर्षी तेव्हाच उमरग्याला ट्रक धरून हैदराबादेला बांधकामावर जायचं तिच्या मनात होतं. सासरे वीरभद्र नको म्हणाले. टिटवीनं तीन अंडी घातलीत, तीन महिने पाऊस, पुरे. नवरा गुरुलिंग बापाचा शब्द मोडत नव्हता. आता धाकट्या शिवम्माचे डोळे खोल गेले होते.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. यंदा अंडी हातानं मोजीन, मगच सांगीन, म्हणाले.

सकाळी महादेवी एकटीच आधी बेटावर जाऊन आली. टिटवी उठली, पंख मोडल्यासारखा ओढत तिला लांब नेऊ लागली. ती मागं गेली नाही. खड्यांच्या रिंगणात चार अंडी, टोकं आत. चार म्हणजे पुन्हा थांबणं. तिनं दोन पदरात घेतली. टिटवी येऊन उरलेल्या दोनांवर बसली. पोटाखालून पाणी ठिबकत होतं.

दुपारी तिनं म्हाताऱ्याला हाताला धरून नेलं. टिटवी डोक्यावर झेपा घेत होती. त्यांनी खड्यांवरून बोटं फिरवली. बराच वेळ.

"दोनच हायत."

"व्हय, मामा."

"मग जावा तुमी. पोरीला घिऊन उद्याच जावा."

"आन् तुमी?"

"आंधळ्याला काय भिताडाला वळंबा धरायला ठिवतेत? म्या हितंच बरा."

तिनं लई विनवलं. गुरुलिंगनंही. म्हातारा हलला नाही.

शिवम्मा जगली. पाऊस आला नाही. दिवाळीला ते परतले तेव्हा दाराला बाहेरून कडी होती, आबारावनं लावलेली. म्हातारा श्रावणात गेला होता. शेवटपर्यंत रोज नावेपाशी येऊन आभाळाकडं तोंड करून बसायचा, असं आबाराव म्हणाला.

दोन अंड्यांचं महादेवीनं कुणालाच सांगितलं नाही. आपणच म्हाताऱ्याला फसवलं, एवढं ती जन्मभर वागवत राहिली.

बेटावर जायच्या आदल्या दिवशी आबारावनं वीरभद्रांना सांगितलं होतं, अंडी चार आहेत.