टाळीची किंमत

चूक झाली ती टाळीने. औषधांच्या गोदामांत काय आलं, काय गेलं याचा हिशेब ठेवणारं नवं सॉफ्टवेअर पडद्यावर झरझर चालताना पाहून संगणक विभागाचा प्रमुख इतका हरखला, की विकायला आलेल्या माणसासमोरच त्याने टाळी वाजवली. वर म्हणाला, "आम्हाला हेच पाहिजे!" गिऱ्हाइकाने असं बोलायचं असतं का? विकणारा गोड हसला. ऑफिसात त्याचं नाव गोडबोल्या पडलं होतं ते उगाच नव्हे. दुसऱ्याच दिवशी त्याने कळवलं, की किमतीत एक पैसाही सुटणार नाही.

झालं! मोठे साहेब म्हणाले, "पैसे आहेत तेवढेच आहेत. याच भावात घ्यायचं असेल तर तुझी दोन माणसं कमी कर." कोणती दोन, हे प्रमुखाच्या तोंडून निघेना. त्याने घडवलेली माणसं होती ती.

तो खरेदी विभागाच्या आत्याबाईंकडे गेला. कुणी 'जर' म्हणून रडगाणं सुरू केलं, की त्या "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं" म्हणून त्याला गप्प करत. त्यावरून हे नाव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

"दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आण. सगळ्यात लहान गोदाम त्यावर चालव," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, दुसरा पर्याय आहे असं नुसतं भासवायचंच असेल तर एवढा खटाटोप कशाला?"

"भासवायचं नाही रे. चालवायचं."

तो चरफडतच कामाला लागला. ते दुसरं सॉफ्टवेअर दिसायला ओबडधोबड, रोज काहीतरी अडायचं. त्याच्या माणसांनी घाम गाळला आणि महिन्याभरात गोदाम त्यावर बिनबोभाट चालू लागलं.

मग बैठक ठरली. विचारीन तेवढंच बोलायचं, असं आत्याबाईंनी त्याला बजावलं होतं. गोडबोल्याने साखर पेरायला सुरुवात केली. आत्याबाईंनी त्याला पोटभर बोलू दिलं आणि मग प्रमुखाकडे वळून सहज विचारलं, "काय रे, यांच्याशी नाहीच जमलं, तर दुसऱ्यावर भागेल का?"

प्रमुख खोटं बोलू लागला की त्याचे कान लाल होत. टाळीनंतर तो 'दुसरीकडेही बघतोय' म्हणाला तेव्हा ते लाल झालेले गोडबोल्याने पाहिले होते.

"भागेल," तो म्हणाला. "एक गोदाम त्यावरच चालतंय."

कान जसेच्या तसे. गोडबोल्या त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने फोन काढला, बाहेर जाऊन आपल्या साहेबांशी बोलून आला आणि किंमत उतरली. अजून ओढता आली असती, पण आत्याबाई तिथेच थांबल्या. असल्या बाईच्या हाताखाली चार वर्षं काढावीत!

"आणखी का नाही ताणलं?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"त्यालाही साहेबाला तोंड दाखवायचंय. आणि उद्या काही अडलं की फोन त्यालाच करायचाय ना तुला?"

"आणि माझी दोन माणसं?"

"राहिली."

 तो आभार मानू लागला.

"वाजव आता टाळी," आत्याबाई म्हणाल्या. "आता फुकट आहे."

त्याने वाजवली. येणारेजाणारे थांबून बघू लागले, तरी तो वाजवतच राहिला.