ओडिलियाच्या लग्नातले पोप

चौदाशे नऊ सालच्या उन्हाळ्यापर्यंत विधवा ओडिलियाचं दुसरं लग्न दोन पोपांपायी अडून बसलं होतं. मोझेल नदीकाठी तिचा गुत्ता होता आणि पाणचक्कीवाला कुन्झ तिच्या मनात भरला होता. त्या काळी खरा पोप मीच, असं दोघं म्हणत होते; कुन्झ मानायचा फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या पोपला, तर तिचा भाऊ, लोहार वेंडेल, रोमच्या.

"खोट्या पोपच्या माणसाला बहीण देणार नाही," वेंडेल म्हणायचा.

"खोटा तुझाच," असं म्हणून कुन्झ दुसऱ्या कोपऱ्यात तोंड फिरवून वाइन पीत बसायचा.

एका दुपारी इटलीहून परतणारा एक यात्रेकरू गुत्त्यात टेकला. पिसा शहरात मोठमोठे धर्मगुरू जमले आणि त्यांनी दोन्ही पोपांना काढून नवाच नेमला, असं त्यानं सांगितलं.

"चला, एकदाचा एकच उरला," ओडिलिया म्हणाली.

"कुठला, बाई. जुने दोघं हटायला तयार नाहीत. आता तीन झालेत."

वेंडेल पेला उचलून कुन्झच्या बाकावर जाऊन बसला.

"हा तिसरा टिकोजीराव कोण रे?"

"तेच म्हणतो मी. आपले दोघं निदान जुने तरी आहेत."

दिवस कलेपर्यंत दोघांनी मिळून तिसऱ्याचा असा उद्धार केला, की वेंडेल कुन्झला दाजी म्हणायला लागला. ओडिलियानं वेळ न दवडता येत्या रविवारीच लग्न ठरवलं.

ऐन विधीत म्हातारे पाद्री अडखळले. "प्रार्थनेत पोप म्हणून नाव कुणाचं घेऊ?"

"नुसतं 'पोप' म्हणा, फादर," ओडिलिया पुटपुटली. "ज्याचं त्याला पोचेल."