भूल नको

डॉक्टर कारखानीस बाईंनी टेबलावरचे रिपोर्ट बाजूला सारले आणि शकूला तिन्ही प्रकार पुन्हा एकदा समजावून सांगितले. पूर्ण भूल घेतली तर काहीच कळणार नाही. भूल देणारे डॉक्टर साडेदहाला येणारच आहेत. कमरेत इंजेक्शन घेतलं तर खालचा भाग बधिर होईल. नाहीतर गर्भपिशवीच्या तोंडाशी इंजेक्शन देऊन काम करता येतं, पण त्यात पोटात कळ येते, आतून ओढल्यासारखं होतं. काम दहा-पंधरा मिनिटांचं. अस्तर खरवडून तपासणीला पाठवायचं, म्हणजे इतकं अंगावरून का जातंय ते कळेल.

"बहुतेक बायका पूर्ण भूलच घेतात," बाई म्हणाल्या.

कुंडलिकने लगेच मान हलवली. "तीच द्या मॅडम. तिला दुखायला नको."

शकूने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पदर खांद्यावरून पुढे ओढून घेत तिने विचारलं, "यातल्या कशात मी जागी राहीन?"

"शेवटच्या दोन्हींत."

"कमरेतलं घेतलं तर पाय हलतील?"

"दोन-तीन तास नाही हलणार."

"मग शेवटचं द्या. आणि तुम्ही काय काय करताय ते मला सांगत जा."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि "सांगेन" म्हणाल्या. त्यांनी संमतीचा कागद सवयीने कुंडलिकसमोर सरकवला. शकूने तो हात लांब करून आपल्याकडे ओढला, आधी पूर्ण वाचला, न कळलेले दोन शब्द विचारून घेतले आणि खाली सावकाश सही केली: शकुंतला कुंडलिक पगारे.

तिला आत नेल्यावर कुंडलिक बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग जिना उतरून खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या टपरीवर गेला. चहा सांगितला, दोन घोट घेतले आणि उरलेला तसाच ठेवून वर आला. वर अजून कोणीच बाहेर आलेलं नव्हतं. बाकापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं होती. खिडकीखाली शिर्डीची गाडी मागे घेत होते, कंडक्टर मागच्या पत्र्यावर थापा मारत होता. कुंडलिक ते बघत राहिला, पण त्याला दिसत होतं ते शहात्तर साल.

त्यांची मुलगी वासंती तेव्हा चार वर्षांची होती. शकूचा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता आणि पिशवी साफ करण्यासाठी तिला एका मोठ्या दवाखान्यात भूल दिली होती. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात कुंडलिक टेम्पररी होता, तिथे त्या महिन्यात एकच बोलणं चालू होतं: नसबंदीच्या ऑपरेशनचं सर्टिफिकेट आणेल तो पर्मनंट. पुरुषांचा कॅम्प लागला तेव्हा तो स्वतः रांगेत उभा राहिला होता. पुढचे सात जण आत गेले. लघवीला जाऊन येतो म्हणून तो रांगेतून निघाला तो घरीच आला. आठवड्याने शकूला भूल दिलेली असताना दवाखान्यातला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, आता आहेच बेशुद्ध, तर हिचंच करून टाकायचं का. एकच मुलगी आहे, एवढं कुंडलिक म्हणाला. मग त्याने सही केली.

शुद्धीवर आल्यावर शकूचा हात पोटावरच्या पट्टीवर गेला. आत गाठ होती, काढली, असं त्याने सांगितलं. दोन महिन्यांनी तो पर्मनंट झाला. त्यानंतर दर महिन्याला ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची. दोन वर्षं. एके दिवशी शेजारच्या जनाबाईबरोबर ती कुठल्याशा डॉक्टरणीकडे गेली आणि तेव्हापासून कॅलेंडर बघणं थांबलं. थकली असेल, असं कुंडलिकने धरून चाललं. त्याने कधी विचारलं नाही.

आतून आवाज आला. किंकाळी नव्हे, दातांखाली दाबून धरलेला हुंकार. त्यामागोमाग कारखानीस बाईंचा संथ स्वर: आता कळ येईल, हं, आता खरवडतेय, आता थोडंच राहिलं. कुंडलिकने दारावर हात टेकला आणि काढून घेतला. पुन्हा नऊ पावलं चालून तो खिडकीशी गेला.

तिला खाटेवर आणून झोपवलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि खालच्या ओठावर दातांची खूण होती. बाईंनी सांगितलं, वरवर तरी वाईट काही दिसत नाही, रिपोर्ट पाच-सहा दिवसांत येईल. त्या गेल्यावर कुंडलिक खाटेच्या कडेला उभा राहिला.

"फार दुखलं?"

"दुखलं. पण सगळं कळलं."

त्याने चादर सारखी केली, ती सारखीच होती. "शकू, तेव्हा ते जे झालं... गाठ म्हणून मी..."

"माहितेय मला."

त्याने चादर सोडली.

"जनाबाईसंगती गेलेले ना, त्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा टाका बघितला. म्हणाल्या, ऑपरेशन झालंय की तुमचं, मूल कसं राहणार? मी म्हटलं, हो, विसरलेच." ती छताकडे बघत बोलत होती. "बारा वर्षं झाली. आधी वाटायचं, आज सांगाल, उद्या सांगाल."

"पर्मनंटचं होतं गं. कागद घेऊन तो माणूस उभाच राहिलेला."

"नोकरीचं कळलेलं मला. घर त्यावरच चाललं, ते पण मला कळतं." तिने डोळे मिटले. "मी उठेपर्यंत थांबायचं होतं. मला विचारायचं होतं."

तेवढ्यात वासंती आत आली. कॉलेजमधून परस्पर आली होती, पिशवी अजून खांद्यावरच होती. तिने आईच्या कपाळावर हात ठेवला, वडिलांकडे पाहिलं आणि तिला वाटलं, रिपोर्टमध्ये काही निघालं. तिने तसं विचारलंही. शकूने मान हलवून नाही म्हटलं.

सिस्टर इंजेक्शन भरून घेऊन आली. पोटातली कळ वाढली होती, शकूने पाय जवळ घेतले होते.

"हे कशाचं?" शकूने विचारलं.

"दुखणं थांबेल. झोप पण लागेल."

"किती वेळ?"

"तीन-चार तास. गाढ लागते काहींना."

शकू थोडा वेळ सुईकडे बघत राहिली. वासंती म्हणाली, तू झोप, पप्पा आहेत तोवर मी घरी जाऊन पेज करून आणते.

"पेज पप्पा आणतील," शकू म्हणाली. "तू बस. मी उठेपर्यंत इथून हलायचं नाही. कोणी काही विचारलं तर मला उठव."

वासंतीला ते काही उमगलं नाही, पण ती बसली. कुंडलिक दाराशी गेला आणि तिथेच वळून उभा राहिला. वासंतीने स्टूल खाटेला टेकवून घेतलं, आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मगच शकूने दुसऱ्या दंडावरची बाही वर सारली आणि सिस्टरला म्हणाली, "द्या."