तुऱ्याची उंची

लेक समोर हाताची घडी घालून बसली होती, म्हणजे प्रकरण सोपं नव्हतं. मास्तरांनी उभी हयात लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाईक असं बसलं की ते कपडा परत करायलाच आलंय, हे त्यांना न सांगता कळायचं.

गेल्या आठवड्यात ते नदीत घसरून पडले. पाणी गुडघाभरच होतं, पण भिजल्या पँटनं घरी आले आणि पकडले गेले. मग लेकीनं त्यांचा डबा उघडला. मासे फसवायच्या नकली माश्या त्यात ओळीनं टोचलेल्या होत्या, सगळ्या त्यांच्याच हातच्या. माशीच्या पाठीवरचा पांढरा तुरा माशासाठी नसतोच. पाण्यावरची माशी माणसाला दिसावी म्हणून तो असतो. जुन्या माश्यांचे तुरे नखभर होते. नव्या माश्यांचे वाढतच गेले होते.

"बाबा, ही माशी आहे की झेंडा?"

"फॅशन बदलली."

"तुमची पँट अजून बेलबॉटम आहे. फॅशनचं मला सांगू नका. माझ्यासमोर एक माशी बांधा. मी ती या पाण्याच्या टबात सोडते. सरळ बसली आणि तुम्हाला दिसली, तर गाडीची किल्ली तुमच्याकडे. नाहीतर द्या इकडे, आणि नदीवर एकट्यानं जाणं बंद."

मास्तरांनी खिशातली किल्ली चाचपली. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता. तो जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ही गोष्ट डॉक्टरांना आणि त्यांना, दोघांनाच ठाऊक होती, आणि तिसरा भागीदार त्यांना नको होता.

त्यांनी छोट्या वाइसच्या चिमट्यात गळ आवळला. बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. तुरा उभा केला, त्याच्या बुंध्याला दोरा करकचून गुंडाळला, म्हणजे तो डुलणार नाही. शेपटी लावली, लोकरीचं अंग वळलं. मग मान वळवून, डागाच्या कडेनं बघत कोंबड्याचं पीस घेतलं.

"मान का वाकडी?"

"उशी बदलली."

"उशी मीच धुतली. तीच आहे."

पीस बुंध्याभोवती आडवं फिरवायचं, छत्रीसारखं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली गेला पाहिजे. वर चढला की सगळं सुटतं. पिसाचे केस वर उचलून त्यांनी खालून गाठ मारली आणि नखानं तपासलं. एकही केस गाठीत अडकला नव्हता.

आता तुरा कापायचा. कात्री वरच थांबली.

उंच ठेवला तर दिसेल, पण डोईजड माशी कलंडेल. आखूड कापला तर ताठ बसेल, पण दिसणार नाही. मधलं माप? अशी मधली मापं त्यांनी गिऱ्हाइकांच्या गळ्यात पुष्कळदा मारली होती. पाण्याला मात्र गोड बोलून पटवता येत नाही.

"अडलं काय?" लेक पुढे वाकली.

वाकडी बसणारी माशी, तीही हिच्यादेखत? कच्च. तुरा नखभर राहिला. जागा अंदाजानं सांगू, त्यांनी मनाशी म्हटलं; पडताना कानाला कळेलच.

लेकीनं माशी उंचावरून सोडली. मास्तरांनी श्वास रोखून कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. नीट बांधलेली माशी पॅराशूटसारखी अलगद उतरते. आपल्याच कारागिरीचा त्यांना पहिल्यांदा राग आला.

"बसली," लेक म्हणाली. कौतुक नको तिथं निसटलं होतं. "अगदी ताठ. कुठंय?"

खिडकीचा उजेड टबभर पसरला होता. मास्तरांनी मान इकडून वळवली, तिकडून वळवली. पांढरं सगळंच होतं. त्यांनी कात्रीचं टोक रोखलं.

"ही काय."

लेक एरवी चूक सापडली की तास तास बोलायची. आता तिनं त्यांच्या हातातली कात्री हळूच डावीकडे वळवली.

"डाव्या कडेला आहे, बाबा," ती म्हणाली. "कधीपासून?"

"फॅशन बदलली तेव्हापासून."

त्यांनी किल्ली काढून टबाशेजारी ठेवली. तिनं ती उचलली, पण उठली नाही.

"उद्या गाडी मी चालवते. तुम्ही पाण्यात उभे राहा, मी शेजारी उभी राहते. मासा माशीवर आला की ओरडू?"

"ओरडलीस तर मासा पुढच्या गावी जाईल. खांद्याला हात लाव."

तिनं तिथंच लावून पाहिला. "असा?"

"एवढा जड नको," मास्तर म्हणाले. "माशी उतरते तसा."