आवाज बघायचं यंत्र

"अप्पा, ह्यो मोठ्या पडद्याचा घ्या. नीट दिसंल की!" श्रीदेवीनं वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं.

बसलिंगप्पांनी मान हलवली. गिरणीतल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले होते. डाव्या कानात ओरडलेलं तेवढं कसंबसं पोचायचं. निवृत्तीनंतर जुने रेडिओ दुरुस्त करणं हाच त्यांचा विरंगुळा. आता ऐकू येत नाही तर बघून काम करावं, म्हणून हातात धरायचा ऑसिलोस्कोप, आवाजाची रेघ दाखवणारं यंत्र, घ्यायचा होता. घरी तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

दुकानदारानं दोन यंत्रं काउंटरवर ठेवली. एक खिशात मावणारं, एक जाडजूड.

"कशावर लावून बघायचं, काका?"

बसलिंगप्पांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. दुकानदारानं वायर जोडून बटण दाबलं.

"अहो, ऊटक्क बर्री! भाकरी गार व्हायलीय की!"

श्रीदेवीनं काउंटर घट्ट धरला. आई! ती गेल्यापासून हा आवाज तिच्या कानावर पडला नव्हता.

छोट्या यंत्रावर रेघ नुसती थरथरली. टेप मागं नेऊन दुसरं यंत्र लावलं, तशी रेघ उसळली, पडली, पुन्हा उसळली.

"बोलतीय न्हवं?" अप्पांनी विचारलं.

"व्हय अप्पा. जेवायला बोलावतीय," श्रीदेवी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडली.

"काय बोलती ते पाठ हाय गं मला. तू घरी नसताना रोज लावतो. पर टेप पुसली असली तर मला कसं कळायचं? तुला विचारायचा धीर झाला न्हाय." ते दुकानदाराकडं वळले. "ह्योच द्या."

दुकानदार वायर काढू लागला.

"थांबा! आता हसती बघा ईरम्मा. टेप चालू हाय म्हनल्यावर लई हसली हुती."

टेपमधून नुसती बारीक खरखर येत होती. 'हसली अप्पा, लई हसली' असं श्रीदेवी बेधडक म्हणाली असती. पण पडदा त्यांच्यापुढं होता.

दुकानदाराचा हात बटणाकडं गेला. श्रीदेवीनं तो अडवला.

बसलिंगप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर आणखी वाकले. रेघ आडवीच होती.